कपाटातील फिती आणि घराचा आवाज

वैद्यकीय व्यवसायातील माणसाच्या घरी दोन प्रकारचे दप्तर साठत असते. एक रुग्णांचे आणि दुसरे घराचे. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षे जपाव्यात, असा भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीचा दंडक आहे आणि आपण सारे तो यथाशक्ती पाळतो. घराच्या दप्तराला मात्र कोणताही दंडक नाही. बारसे, मुंज, साखरपुडा, आजी-आजोबांची पंचाहत्तरी, गावची जत्रा, हे सारे ज्या लहानशा कॅसेटींत साठवले, त्या कॅसेटी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या औषधांच्या नमुन्यांच्या खोक्यात, वर्षानुवर्षे पडून असतात. त्यांची आठवण होते ती बहुधा घरातील कोणी वडीलधारे गेल्यावर. 'त्यांचा आवाज कुठे तरी असेल ना?' असा प्रश्न कोणी तरी विचारते. कॅसेट सापडते, पण ती लावायला यंत्र सापडत नाही.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आजवर आरोग्य, प्रवास, नाट्यसंगीत अशा विविध विषयांवर लेखन झाले. यंदा थोड्या वेगळ्या, परंतु प्रत्येक सभासदाच्या घराशी निगडित अशा विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे वाटते. तो विषय म्हणजे डिजिटल कॅमकॉर्डरवर टिपलेल्या घरगुती चित्रफिती संगणकात उतरवणे आणि त्यांचे संपादन करणे. मी शल्यचिकित्सकही नव्हे आणि चित्रपटतंत्राचा जाणकारही नव्हे. माझे मूळ गाव रामपायली. आमच्या घराण्यातील आणि स्नेह्यांच्या मिळून २३ कॅसेटी गेल्या काही वर्षांत मी संगणकात उतरवल्या. त्या अनुभवातून जे उमगले, ते येथे मांडत आहे.

गाव आणि त्याची बोली

रामपायली हे बालाघाट जिल्ह्याच्या वारासिवनी तालुक्यातील, चंदन नदीकाठचे गाव. तेथील किल्ल्यासारखे भासणारे पुरातन राममंदिर, गावाचे नाव प्रभू रामचंद्रांच्या पावलांशी जोडणारी लोककथा आणि कार्तिक पौर्णिमेची जत्रा या गोष्टी आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहेतच. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला हा मुलूख पुढे मध्यप्रांतात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सीमा बदलली, तरी घरातली भाषा लगेच बदलली नाही. सोयरिकी गोंदिया, तुमसर, भंडारा, नागपूर याच बाजूला होत राहिल्या. देवघरात आणि स्वयंपाकघरात मराठी, अंगणात पोवारी किंवा झाडीबोली आणि शाळा-कचेरीत हिंदी, अशी तीन पदरी भाषा घेऊन आमची पिढी वाढली.

पुढची पिढी शिक्षणासाठी नागपूर, जबलपूर, रायपूर, पुणे येथे आणि तेथून परदेशी गेली. आज आमच्या घरातील नातवंडांना मराठी समजते, काहींना उत्तम बोलताही येते, पण ते पुस्तकी आणि पुणेरी वळणाचे असते. 'तो येऊन राहिला', 'पानी आन' असे सहज बोलणारा आजीचा स्वर त्यांच्या कानावर क्वचितच पडला आहे. हा स्वर कोणत्याही ग्रंथात छापलेला नाही. तो नेमका कुठे शिल्लक आहे, याचा शोध घेतला तेव्हा उत्तर मिळाले ते कपाटातील त्या खोक्यात. म्हणूनच या विषयाकडे मी छंद म्हणून पाहत नाही. आमच्यासारख्या सीमेवरच्या मराठी घरांच्या दृष्टीने हे भाषेच्या जतनाचेच काम आहे.

फितीचे शरीरशास्त्र

डीव्ही नावाची ही पद्धत १९९५ च्या सुमारास बाजारात आली. तिच्या लहान कॅसेटीला मिनी-डीव्ही म्हणतात. आतील फीत अवघी ६.३५ मिलिमीटर रुंद असते. एका तासाच्या कॅसेटीत ती सुमारे ६५ ते ७० मीटर लांब असते. जुन्या व्हीएचएस कॅसेटीत चित्र लहरींच्या रूपात असे, म्हणून प्रतीची प्रत काढली की ते फिकट होत जाई. डीव्हीमध्ये चित्र व ध्वनी आकड्यांच्या रूपात नोंदले जातात. त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे संगणकात आणता आले, तर शंभरावी प्रतही पहिलीइतकीच शुद्ध राहते.

भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रचौकटी असतात आणि प्रत्येक चौकट फितीवर १२ तिरप्या पट्ट्यांत लिहिली जाते. कॅमेऱ्यातील वाचनशीर्ष ज्या दंडगोलावर बसवलेले असते, तो मिनिटाला ९००० फेरे घेतो. एका पट्टीची रुंदी असते १० मायक्रॉन. आपल्या रक्तातील तांबडी पेशी साधारण ७ ते ८ मायक्रॉनची, हे डॉक्टर वाचकांना सांगावयास नको. म्हणजे आपल्या मुलीचे पहिले पाऊल ज्या पट्टीवर कोरले आहे, ती तांबड्या पेशीहून किंचितच रुंद आहे. त्यावर बुरशीचा एक तंतू पसरला किंवा धुळीचा एक कण अडकला, तरी चित्रात चौकोनी ठिपके उमटतात आणि आवाज तुटतो.

हे झाले फितीचे आजारपण. याहून गंभीर दुखणे यंत्राचे आहे. फीत चांगली असूनही ती वाचणारा कॅमेराच उरला नाही, तर तिचा उपयोग शून्य. २०१० नंतरच्या काही वर्षांत घरगुती वापराचे फितीवरचे कॅमेरे बाजारातून नाहीसे झाले. सुटे भाग मिळेनात आणि दुरुस्ती करणारे कारागीर दुसऱ्या धंद्यात गेले. युनेस्कोने २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी जगभर धोक्याची सूचना दिली. फिती वाचण्याची यंत्रे नित्य वापरात राहण्याचा काळ २०२५ च्या सुमारास संपेल, हा तज्ज्ञांचा अंदाज तिच्या मुळाशी होता. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने तर २०१५ मध्येच हीच मुदत सांगितली होती. ती मुदत आता आपल्या दाराशी येऊन ठेपली आहे.

सुरुवात कॅसेटीपासून

कॅसेट कॅमेऱ्यात घालण्यापूर्वी तिची तपासणी करावी. आमचा भाग धानाचा. पावसाळा चांगला चार महिने आणि घरे दमट. फितीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली, तर ती बुरशी समजावी. अशी कॅसेट कॅमेऱ्यात मुळीच घालू नये. ती वाचनशीर्षाला संसर्ग करते आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीला. निर्जंतुकीकरण न केलेले उपकरण दुसऱ्या रुग्णावर वापरू नये, हा नियम येथेही लागू पडतो. अशा कॅसेटी वेगळ्या ठेवून जाणकाराकडून स्वच्छ करून घ्याव्यात.

चांगल्या कॅसेटीच्या मागच्या बाजूस एक लहानशी सरकती कळ असते. ती 'सेव्ह'कडे सरकवली म्हणजे त्या कॅसेटीवर चुकूनही नवे चित्रण होत नाही. हे पहिले काम. त्यानंतर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घ्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच स्थितीत आवळून बसलेली फीत सैल होते. शक्य असेल तर ज्या कॅमेऱ्यावर चित्रण झाले, तोच कॅमेरा वापरावा. विशेषतः एका तासाच्या कॅसेटीत दीड तास बसवण्यासाठी 'एलपी' पद्धतीने केलेले चित्रण दुसऱ्या कॅमेऱ्यात अनेकदा नीट दिसत नाही.

काही घरांत मिनी-डीव्हीऐवजी थोड्या मोठ्या आकाराच्या कॅसेटी सापडतील. त्या व्हिडिओ-८, हाय-८ किंवा १९९९ मध्ये आलेल्या डिजिटल-८ पद्धतीच्या असतात. डिजिटल-८ चे काही कॅमेरे जुन्या हाय-८ कॅसेटीही वाचतात आणि त्यांचे चित्र डिजिटल रूपात संगणकाकडे पाठवतात. असा एखादा चालू कॅमेरा आपल्या मंडळातील कोणाकडे असेल, तर तो अत्यंत मोलाचा समजावा.

कॅमेऱ्यातून संगणकात

येथे बहुतेकांची फसगत होते ती यूएसबीच्या खाचेपाशी. बहुतेक मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांना यूएसबीची खाच असते, परंतु ती मुख्यतः कार्डावरील स्थिर छायाचित्रांसाठी असते. फितीवरचे चित्र मूळ दर्जात आणण्यासाठी फायरवायर लागते. सोनीच्या कॅमेऱ्यांवर त्यालाच आय-लिंक म्हटलेले आढळेल. कॅमेऱ्याच्या बाजूला चार टोकांची बारीक खाच आणि संगणकाच्या बाजूला बहुधा सहा टोकांची. सहा टोकांच्या जोडणीतून वीजही वाहते. म्हणून दोन्ही यंत्रे बंद ठेवूनच, टोक उलटे तर नाही ना हे पाहून, हलक्या हाताने जोडणी करावी.

आजच्या लॅपटॉपना ही खाच नसते. ॲपलने तर २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये फायरवायरचा आधारच काढून टाकला. तेव्हा व्यवहार्य मार्ग जुन्या यंत्रांचाच आहे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत पडून असलेला जुना डेस्कटॉप आणि त्यात बसणारे फायरवायर कार्ड पुरते. मीही असाच एक डेस्कटॉप वापरला. विंडोजवर विनडीव्ही हे छोटेसे मोफत साधन आणि जुन्या मॅकवर आयमूव्ही हे काम उत्तम करते. विंडोज मूव्ही मेकर अनेकांना आठवत असेल. त्याचा अधिकृत आधार जानेवारी २०१७ मध्ये संपला, त्यामुळे त्याच्या शोधात वेळ दवडू नये.

हे काम घाईने होत नाही. तासाभराची कॅसेट उतरायला तासच लागतो. एका तासाच्या चित्रणाची साठवण सुमारे १३ जीबी होते. माझ्या २३ कॅसेटींना मिळून ३०० जीबीच्या आसपास जागा लागली. आजच्या साध्या १ टीबीच्या डिस्कमध्ये ती सहज मावते. मात्र डिस्क जुन्या फॅट-३२ पद्धतीने तयार केलेली असेल, तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा पडते आणि चित्रण साधारण १९ मिनिटांवर तुटते. डिस्क आधीच एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने तयार करून घ्यावी.

लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांनी जोडून चित्र घेण्याचा सोपा मार्ग अनेक दुकानांत वापरला जातो. दिसायला चित्र येते, पण आकड्यांचे पुन्हा लहरींत आणि लहरींचे पुन्हा आकड्यांत रूपांतर झाल्याने दर्जा घसरतो. शिवाय आणखी एक मौल्यवान गोष्ट हरवते. डीव्हीच्या प्रत्येक चौकटीबरोबर चित्रणाची तारीख आणि वेळ अदृश्यपणे नोंदलेली असते. फायरवायरमधून आल्यास ती फाइलमध्ये टिकते आणि मीडियाइन्फोसारख्या मोफत साधनाने वाचता येते. आमच्या एका कॅसेटीवर केवळ 'घर' एवढेच लिहिले होते. आतील नोंदीवरून ते चित्रण नोव्हेंबर २००१ मधले, दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवसांतले असल्याचे कळले. अर्थात कॅमेऱ्याचे घड्याळ त्या काळी कोणी बरोबर लावले असेल, तरच हा पुरावा ग्राह्य धरावा.

व्हीसीडी म्हणजे मूळ नव्हे

त्या काळी कॅसेटीची व्हीसीडी करून घेण्याची मोठी पद्धत होती. लग्नाच्या शूटिंगवाल्याने व्हीसीडी दिली की घरचे लोक निश्चिंत होत. व्हीसीडीवरील चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असते आणि डीव्हीचे ७२० गुणिले ५७६. म्हणजे बिंदूंची संख्या चौथ्या हिश्श्यावर येते आणि तासाचे १३ जीबी आकुंचन पावून एका चकतीत, साधारण ७०० एमबीत बसवले जातात. डीव्हीडी त्यापेक्षा बरी, तरी तीही आकुंचितच. डिस्चार्ज कार्ड हाती आले म्हणून संपूर्ण केस पेपर फाडून टाकावा, तसा हा प्रकार. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने एका दुकानदाराच्या सल्ल्याने व्हीसीडी झाल्यावर मूळ कॅसेटी पुन्हा चित्रणासाठी वापरल्या. आज त्या व्हीसीडीत आजोबांचा चेहरा ओळखू येतो, पण डोळे दिसत नाहीत. ज्यांच्याकडे मूळ कॅसेट आणि व्हीसीडी दोन्ही आहेत, त्यांनी मूळ कॅसेटच उतरवावी.

अमेरिकेहून आलेली कॅसेट

आपल्या मंडळातील अनेकांची मुले-भावंडे अमेरिकेत आहेत. त्यांच्या कॅसेटींबाबत एक विशेष अडचण येते. तेथील कॅमेरे एनटीएससी पद्धतीचे, सेकंदाला सुमारे ३० चौकटी आणि ७२० गुणिले ४८० बिंदूंचे. आपल्याकडील अनेक पाल कॅमेऱ्यांत ती कॅसेट लावली असता पडदा निळा किंवा कोरा राहतो. कॅसेट खराब झाली असे समजून ती टाकून देऊ नये. माझ्या चुलतभावाने २००३ च्या कार्तिक पौर्णिमेला रामपायलीला येऊन केलेले चित्रण अशाच एका कॅसेटीत होते. त्याचा जुना कॅमेरा परतीच्या सामानातून मागवला, तेव्हा चंदन नदीचा घाट, खेळण्यांची दुकाने आणि मंदिराच्या पायऱ्यांवर थकून बसलेले आमचे काका, सारे स्वच्छ दिसले. एकदा संगणकात आल्यावर दोन्ही पद्धती संगणक सारख्याच सहजतेने दाखवतो. म्हणून एनटीएससीचे पालमध्ये रूपांतर करण्याचा खटाटोप करू नये. जसे आहे तसे जपावे.

संपादन : काय कापावे आणि काय राखावे

आता संपादनाकडे वळू. पहिला नियम असा की मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत करावी आणि कात्री त्या प्रतीवर चालवावी. डीव्हीचा एक गुण येथे उपयोगी पडतो. तिची प्रत्येक चौकट स्वतंत्र असते, शेजारच्या चौकटीवर अवलंबून नसते. त्यामुळे हव्या त्या चौकटीवर नेमका छेद घेता येतो. शॉटकट, केडीएनलाइव्ह किंवा दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती यांपैकी कोणतेही साधन घरगुती कामास पुरेसे आहे.

दोन तांत्रिक गोष्टी सांभाळाव्यात. डीव्हीचे चित्र ४ : ३ या प्रमाणाचे असते. ते रुंद पडद्यावर ताणून भरले की घरातील सडपातळ माणसेही स्थूल दिसू लागतात. बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालेल, पण चेहरे ताणू नयेत. दुसरे असे की हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. विषम आणि सम ओळी आळीपाळीने नोंदण्याच्या पद्धतीमुळे त्या येतात. नातेवाइकांना पाठवण्याच्या प्रतीत त्या काढून टाकाव्यात, मूळ फाइलमध्ये मात्र तशाच राहू द्याव्यात.

याहून महत्त्वाचा प्रश्न अभिरुचीचा आहे. संपादनाची साधने हाती आली की चित्रावर गाणे चढवण्याचा मोह अनावर होतो. बारशाच्या चित्रणावर अंगाई आणि लग्नाच्या चित्रणावर सिनेगीत. गाणे कुठेही, केव्हाही पुन्हा ऐकता येते, परंतु त्याखाली दडलेले बोलणे पुन्हा मिळत नाही. आमच्या एका कॅसेटीत हळदीकुंकवाचा समारंभ संपल्यावर कॅमेरा ओसरीवर तसाच चालू राहिला होता. चित्रात वीस मिनिटे केवळ एक खांब आणि अर्धे दार दिसते. पण पलीकडे पाच-सहा बायका धान कापणीची मजुरी, कोणाच्या सुनेचे माहेर, पापडाचे पीठ यांविषयी बोलत आहेत. हसतात, एकमेकींना टोकतात, मध्येच मराठीतून पोवारीत जातात आणि परत येतात. कोणताही शूटिंगवाला हा भाग 'फालतू' म्हणून कापेल. त्या २३ कॅसेटींत मला सर्वांत मौल्यवान वाटलेली वीस मिनिटे हीच आहेत. कॅमेरा आपल्याकडे पाहत आहे हे कोणालाच ठाऊक नसल्याने आमच्या घराची खरी बोली तेवढीच तेथे उरली आहे.

म्हणून संपादित प्रत वीस-पंचवीस मिनिटांची, सुटसुटीत अवश्य करावी. पाहुण्यांना तीन तासांची मुंज दाखवू नये, हे खरेच. पण खांब आणि अर्धे दार मूळ फाइलमध्ये अबाधित राहिले पाहिजेत.

चेहऱ्यांना नावे

चित्र वाचले तरी नावे वाचतातच असे नाही. रुग्णाच्या नावाशिवाय रक्ताचा नमुना जसा निरुपयोगी, तशीच नावांशिवाय घरची चित्रफीत. यासाठी मी एक साधी पद्धत अवलंबिली. चित्र थांबवून घरातील वृद्धांना दाखवायचे आणि कॅसेटीचा क्रमांक, मिनिट, डावीकडून उजवीकडे नावे, नाते आणि गाव वहीत लिहून घ्यायचे.

आमच्या एक आत्याबाई त्या वेळी ८६ वर्षांच्या होत्या. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेली. सकाळी काय जेवल्या हे त्यांना सांगता येत नसे. पण पडद्यावर मांडव दिसला की त्या ताठ बसत आणि एकेका बाईचे माहेरचे नाव, सासरचे नाव, कोणाच्या पदरी किती मुले, सारे सांगत. दूरची स्मृती अखेरपर्यंत तग धरते हे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. त्यांच्याशेजारी बसून ते मी पाहिले. १९ कॅसेटींची नावे त्यांनी लिहून दिली. त्यांच्या प्रत्येक बैठकीचे ध्वनिमुद्रण मी मोबाइलवर करून ठेवले आहे. पुढच्या श्रावणात त्या गेल्या. उरलेल्या चार कॅसेटींतील चेहरे स्पष्ट आहेत, आवाजही स्पष्ट आहे, परंतु त्यांतील निम्म्या माणसांना आता नाव नाही. यंत्र पुढेमागे कोठे तरी मिळेल. नावे सांगणारे माणूस मिळणार नाही. तेव्हा कॅमेरा व तार मिळण्याची वाट न पाहता, ज्यांच्या घरी जुन्या व्हीसीडी आहेत त्यांनी निदान त्या लावून नावे आजच लिहून घ्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

डॉक्टरांसाठी एक विशेष सूचना

आपल्या कॅसेटींत एक वेगळा धोका संभवतो. त्या काळी एकच कॅमेरा घरी आणि दवाखान्यात वापरला जाई. एका स्नेह्यांच्या कॅसेटीत मुलीच्या वाढदिवसानंतर लगेच नेत्रशिबिरातील रुग्णांचे चित्रण निघाले. चेहरे स्पष्ट, नावेही पुकारलेली. कुटुंबाच्या समूहावर कॅसेट जशीच्या तशी पाठवली असती, तर त्या रुग्णांची गुप्तता सहज भंगली असती. रुग्णाची ओळख पटेल अशी छायाचित्रे वा माहिती त्याच्या संमतीविना प्रसिद्ध करू नये, हे तत्त्व २००२ च्या नियमावलीतही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या निव्वळ खासगी व घरगुती वापराला वगळले आहे. दवाखान्याचे चित्रण त्या सवलतीत बसते, असे गृहीत धरू नये. प्रत्येक कॅसेट संपूर्ण पाहिल्याखेरीज तिचा कोणताही भाग कोणालाही पाठवू नये आणि रुग्णांचा भाग आधी स्वतंत्र करून कुलूपबंद ठेवावा.

जतन कोठे आणि कसे

चित्रफिती टिकवणे मोठ्या संस्थांनाही सोपे नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये आपल्या कन्येला, मंदाकिनीला, बाळकृष्ण केले. ती चित्रफीत वाचली, म्हणून एका मराठी घरातील मुलीचे बालपण शंभर वर्षांनंतरही आपण पाहू शकतो. अशा फिती जपण्यासाठीच पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या चित्रपट संस्थेच्या आवारात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. एकाच जागी असलेली एकच प्रत कधीही सुरक्षित नसते, हाच त्याचा बोध.

यावर जाणकारांनी सांगितलेला तीन-दोन-एकचा नियम आपल्यालाही पाळता येतो. एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. माझ्याकडे एक प्रत घरच्या संगणकात, दुसरी मुलीकडे नागपूरला असलेल्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरील साठवणीत आहे. हार्ड डिस्कही कधी तरी बंद पडतेच, म्हणून दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती जोडून दोन-चार फाइली उघडून पाहतो आणि दर पाच वर्षांनी नवी डिस्क घेऊन प्रत करण्याचे ठरवले आहे. मूळ कॅसेटी टाकून दिलेल्या नाहीत. त्या पूर्ण मागे फिरवून, उभ्या, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात, ध्वनिक्षेपक आणि इतर चुंबकांपासून दूर ठेवल्या आहेत.

मंडळास एक प्रस्ताव

हे सारे एकेकट्याने करायचे म्हटले तर बहुतेकांकडून होणार नाही, याची मला जाणीव आहे. दवाखाना, संसार आणि वय यांचे भान ठेवले पाहिजे. पण आपल्यापैकी कोणाकडे चालू कॅमेरा असेल, कोणाकडे जुना डेस्कटॉप, कोणाकडे फायरवायरची तार आणि कोणाकडे सुट्टीला घरी आलेला उत्साही नातू. ही चार साधने मंडळाच्या कार्यालयातील एका टेबलावर एकत्र आली, तर रविवारी चार याप्रमाणे वर्षभरात दोनशे कॅसेटी उतरवणे अशक्य नाही. प्रत्येक सभासदाने आपल्या कॅसेटीबरोबर नावांची वही आणावी आणि रुग्णांचे चित्रण नसल्याची खात्री स्वतः करून घ्यावी, एवढ्या दोन अटी पुरेत. ज्यांची इच्छा असेल त्यांनी गावच्या जत्रा, मंडई, दंडार यांचे चित्रण मंडळाच्या संग्रहासाठी द्यावे. रामपायली, वारासिवनी, लांजी, कटंगी येथील मराठी घरे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कशी बोलत होती, याचा तेवढा दस्तऐवज आपल्याच हाती आहे. पुढे कोणी भाषेचा अभ्यासक आला, तर त्याला तो उपयोगी पडेल. कोणी आलाच नाही, तरी आपली नातवंडे आहेतच.

माझा कॅमेरा आणि डेस्कटॉप दोन्ही सध्या चालू स्थितीत आहेत. ते किती दिवस चालतील याची हमी मी देऊ शकत नाही. ज्यांना त्यांचा उपयोग करून घ्यावयाचा असेल, त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी अवश्य कळवावे.